तीन मिलिमीटरची वळी

सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि मी बीडमधल्या माती तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला लागले. गाव तलवाडा. सुरुवातीला रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे, पुढे बीडलाच खोली घेतली. आई शेजारणींना सांगायची, "आमची रानाला खत किती टाकायचं ते सांगती." मी दोनदा तिला समजावलं, की आम्ही इमारतीखालची माती तपासतो, ती किती भार पेलेल ते सांगतो. तिसऱ्यांदा नाद सोडला.

प्रयोगशाळा म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या तीन खोल्या. मालक म्हणजे आमचे सर, इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. आणि मामा. मामा तिथले सगळ्यात जुने माणूस. पाटोद्याकडचे, नववी शिकलेले. तरुणपणी रस्त्याच्या कामावर मातीची पोती वाहायला लागले, आणि पोती वाहता वाहता पोत्यात काय आहे ते शिकले. सर त्यांना नावानं हाक मारायचे, बाकी आम्ही सगळे मामा म्हणायचो.

पहिल्याच दिवशी मामांनी मला काचेच्या पाटीपुढे बसवलं आणि भिजवलेल्या काळ्या मातीचा सुपारीएवढा गोळा हातात दिला.

"वळ," म्हणाले.

"काय वळू?"

"शेवई वळती ना घरी? तशी."

काचेवर मातीची वळी लोळवत न्यायची. तीन मिलिमीटर जाड झाली आणि अजून सलग असली, तर परत गोळा करायचा, परत लोळवायचा. दर वेळी माती थोडी वाळते. असं करता करता एक वेळ येते, की तीन मिलिमीटरला पोचतानाच वळीला बारीक चिरा पडतात आणि ती तुकड्या-तुकड्यांनी मोडते. त्या क्षणी मातीत जेवढं पाणी असेल ती तिची प्लास्टिक लिमिट. शेजारी लोखंडाची एक तीन मिलिमीटरची सळई ठेवलेली, जाडी ताडून बघायला. मामा सळईकडे कधी बघत नसत.

माझ्या वळ्या पहिले आठ दिवस कधी पेन्सिलीएवढ्या जाडच मोडायच्या, तर कधी गांडुळासारख्या लांब-लांब होत जायच्या. मामा शेजारी बसून बघायचे.

"दाबू नको पोरी. दाबल्यावर कोन बी मोडतंय. ती आपल्या आपन मोडली पायजे."

दुसरी चाचणी पितळेच्या वाटीची. वाटीत मातीचा चिखल थापायचा, मधोमध खाच पाडायची आणि हँडल फिरवून वाटी ठक-ठक आपटायची. पंचवीस ठोक्यांत खाच तळाशी अर्धा इंच मिटली, की त्या वेळी मातीत जेवढं पाणी ती तिची लिक्विड लिमिट. एवढंच. एक काच, एक वाटी, वजनकाटा आणि ओव्हन.

मला सुरुवातीला हा पोरखेळ वाटायचा. एकदा सरांना विचारलंसुद्धा, की यावरून इमारतीचं काय कळणार? सरांनी मला फळ्यापाशी नेलं. म्हणाले, कुठलीही चिकण माती घे, आष्टीची घे नाहीतर गेवराईची. लिक्विड लिमिटला तिच्यात बोट सहज बुडतं, ताकद जवळजवळ नाहीच. तीच माती वाळत वाळत प्लास्टिक लिमिटला आली, की तिची ताकद सुमारे शंभरपट झालेली असते. मग जमिनीतल्या मातीत प्रत्यक्ष पाणी किती, आणि ते या दोन टोकांच्या मध्ये नेमकं कुठं बसतं, एवढं कळलं की ताकदीचा अंदाज येतो. "पण अंदाज," सर खडू खाली ठेवत म्हणाले, "शब्द लक्षात ठेव."

त्यानंतर मी वळी जरा आदरानं वळायला लागले.

चार वर्षं अशी गेली. मामा आणि मी आमनेसामने बसायचो. मी वाटी फिरवायचे, ते वळी वळायचे. ते वळता वळता गप्पा मारायचे, वळी मोडली की बोलणं मध्येच तोडून तुकडे डबीत टाकायचे, आणि पुढचं वाक्य तिथूनच सुरू. त्यांच्या हाताखालचे आकडे आम्ही कधी तपासले नाहीत. तपासायचं मनातच आलं नाही.

त्या वर्षी हिवाळा सरताना आष्टी तालुक्यातल्या एका गावाहून काम आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांच्या मुलांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. आई-बाप दिवाळीनंतर कारखान्याला जातात, मुलं मागं राहिली तर शाळा टिकते, नाहीतर आई-बापांच्या कोयत्याबरोबर उसाच्या फडावर जातात. मुलं सध्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. जागा मिळाली होती ती पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, म्हणजे बारा महिने ओलसर काळी माती. ठेकेदाराचा माणूस सरांनी सांगितल्याप्रमाणे मातीची ढेकळं डब्यात सीलबंद करून घेऊन आला.

अशा वेळी खरं तर नळकांड्यात अखंड माती काढून ती मशीनवर दाबून बघतात. पण आमच्या मशीनची भार मोजायची रिंग दुरुस्तीला गेलेली होती, आणि तिकडे नकाशे अडले होते. सर म्हणाले, दोन्ही लिमिट करा, जमिनीतला ओलावा काढा, त्यावरून अंदाज देऊ. खाली स्पष्ट लिहू.

मामांनी वळी वळली, मी वाटी फिरवली. हिशेब मी केला. ओलावा प्लास्टिक लिमिटच्या जेमतेम वर निघाला, म्हणजे माती चांगली घट्ट. मला आनंद झाला. वसतिगृहाची बाई, म्हणजे तिथली अधीक्षिका, फोनवर रोज विचारत होती. मी तिला म्हणाले, "जमीन चांगली आहे तुमची, काळजी करू नका." अहवाल गेला.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी, एका सकाळी मामांनी ओव्हन उघडला. आत रात्रभर तापलेल्या डब्या, एकशेपाच डिग्रीवर. चिमटा बाजूलाच टांगलेला. मामा माझ्याशी बोलत होते, कुणाच्या तरी लग्नाचं. बोलता बोलता त्यांनी डावा हात घातला आणि चिमट्याशिवाय डबी उचलली. तीन बोटांत धरून ते टेबलापर्यंत आले, सावकाश ठेवली, झाकण नीट बसवलं. मग दुसरी आणायला वळले.

मी ओरडले, "मामा, हात!"

त्यांनी बोटांकडे पाहिलं. लाल झाली होती, कडेला पांढरी. ते नुसते बघत राहिले, दुसऱ्या कुणाची बोटं असल्यासारखे.

मी नळाखाली त्यांचा हात धरला. "दुखत नाही?"

"साखर हाय ना मला. बोटं जरा झोपल्यावानी झाल्यात."

"कधीपासून?"

"झालं असंल की साल-दीड साल." मग घाईनं म्हणाले, "तेवढं काय न्हाई. लेखनी धरता येती, बटन लावता येतंय."

दवाखान्यात पट्टी बांधली, सरांनी त्यांना आठ दिवस घरी बसायला सांगितलं. त्यांच्या जागेवर मी वळ्या वळायला बसले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, हातात वळी असताना, माझ्या मनात ते आलं. वळी मोडते आहे की आपण मोडतो आहोत, हे डोळ्यांना कळत नाही. ते बोटांना कळतं.

आष्टीची माती कपाटात शिल्लक होती. मी ती काढली, भिजवली, रात्रभर झाकून ठेवली आणि सकाळी वळायला घेतली. मामांच्या आकड्याला मी पोचले, तेव्हा वळी सलग होती. परत गोळा केला, परत लोळवली. सलग. ती मोडायला अजून बराच वेळ लागला. डब्या वाळवून वजन केलं तेव्हा माझी प्लास्टिक लिमिट त्यांच्यापेक्षा सात टक्क्यांनी खाली आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तेच. नव्या आकड्यानं हिशेब केला तर मातीची ताकद निम्म्याहून खाली उतरली. माती तीच, ओलावा तोच. फक्त खालचं टोक सरकलं होतं आणि माती होती त्याहून घट्ट आहे असं आम्ही समजलो होतो.

सर आतल्या खोलीत होते, दहा पावलांवर. पण मी उठून तिकडे गेले नाही. मला वाटलं, आधी मामांना कळलं पाहिजे. दुसऱ्याच्या तोंडून नको.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. मामींनी दार उघडलं. "ये गं. बघ की, घरात बसंना झालेत. सगळ्या भांड्याला हात लावून बघतेत, गरम हाय का गार हाय."

मामा पलंगावर बसले होते. मी पिशवीतून भिजवलेल्या मातीची पुडी काढली आणि काय झालं ते सांगितलं. आकडे सांगितले. मामा पट्टी न बांधलेला उजवा हात पुढे करून म्हणाले, "आन हिकडं."

मामींनी पाट उलटा करून दिला. मामांनी डोळे मिटले आणि लोळवायला लागले. तीच जुनी लय. थोड्या वेळानं वळी मोडली.

"मोडली," ते म्हणाले.

मी तुकडा उचलून बघितला. ओला होता, चकाकत होता. "मामा, मोडली नाही. तुम्ही दाबली."

"कावून दाबीन मी? चाळीस वर्सं..." त्यांचा आवाज चढला. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं, आता उठून जावं. पण मामाच थांबले. म्हणाले, "तुजा हात ठिव पाटावर."

मी तळवा उताणा ठेवला. त्यांनी माझ्या तळव्यावर वळी ठेवून लोळवायला सुरुवात केली. माझी हाडं पाटावर टेकली. मी काही बोलणार नव्हते, पण माझा हात आपोआप आखडला.

त्यांनी लगेच बोटं उचलली. "लई दाबतोय?"

"हो."

"मला तर वाटतंय, हात नुसता फिरतोय."

मामींनी येऊन पाट उचलला, पदरानं माझा तळवा पुसला. निघताना मामा दारापर्यंत आले. "साहेबाला तू सांगू नको. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ते सरांच्या टेबलापुढे उभे होते. सरांनी बसायला सांगूनही बसले नव्हते. "चूक माजी हाय," एवढं मी ऐकलं. सरांनी अहवालाची प्रत उघडली, खालच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कुणाची आहे? माझी ना? मग बसा."

सरांनी ठेकेदाराला फोन लावला. पायाचे खड्डे खोदून झाले होते, सळईच्या जाळ्या खाली उतरल्या होत्या, काँक्रीट परवा होतं. सर म्हणाले, "परवा नाही. मी येतोय." रिंग दुरुस्त होऊन आदल्याच आठवड्यात आली होती. नळकांडी गाडीत टाकली आणि आम्ही तिघं निघालो.

ठेकेदार खड्ड्याच्या काठावर उभा होता. "सर, तुमीच लिहून दिलतं की. आता तुमीच थांबा म्हनताय." त्यात खोटं काहीच नव्हतं. सर म्हणाले, "हो. मीच दिलं होतं." अधीक्षिका बाईही आली होती. पन्नाशीची, साधी सुती साडी, हातात हजेरीचा कागद गुंडाळलेला. फोनवर जिला मी काळजी करू नका म्हणाले होते ती हीच. मला तिच्याकडे बघवेना.

मामा हाताला पट्टी असतानाही खड्ड्यात उतरले. भिंतीतून ढेकूळ काढलं आणि सवयीनं अंगठा लावला. मग ढेकूळ माझ्याकडे दिलं. "तू दाब."

मी दाबलं. जोर लावावा लागला, पण अंगठा आत गेला. अहवालात लिहिली होती तेवढी घट्ट माती असती तर नखच उमटलं असतं.

"गेला का?"

"गेला."

त्यांनी मान हलवली आणि काठावर चढायला हात पुढे केला. ठेकेदारानंच त्यांना वर ओढून घेतलं.

चार खड्ड्यांतून आम्ही नळकांडी काढली, बीडला आणली, मशीनवर दाबली. ताकद माझ्या दुसऱ्या अंदाजाच्या आसपास निघाली. सरांनी नवा अहवाल केला. पाया मुरमापर्यंत खोल न्यायचा, फुटिंग, म्हणजे पायाचा तळ, रुंद करायचं. जुना अहवाल चुकीचा होता हे त्यात पहिल्या ओळीत लिहिलं. मी म्हणाले, सर, एवढं ठळक? ते म्हणाले, "लपवलेली चूक दुसऱ्या कागदावर परत उगवते."

मग आम्ही दीड वर्षांतली कपाटातली सगळी माती बाहेर काढली. जिथं जिथं मामांची वळी होती तिथं तिथं मी ती परत वळली. महिना-दीड महिना तेच काम. आणखी दोन ठिकाणी फरक निघाला. एक नुसती आवाराची भिंत होती. दुसऱ्या ठिकाणी मशीनची चाचणी झालेली असल्यामुळे धोका नव्हता. दोन्हीकडे पत्रं गेली. पत्रांचा मसुदा मामांनी माझ्याकडून वाचून घेतला. "वळी वळनाऱ्याच्या हाताला दोष व्हता, आसं लिव," म्हणाले. सरांनी ते वाक्य खोडलं आणि त्या जागी "आमच्या तपासणीत" असं लिहिलं.

मामांनी काम सोडायचं म्हटलं. सरांनी सोडू दिलं नाही. वळी मात्र बंद झाली. ते नमुने घ्यायला जायला लागले, डब्यांच्या नोंदी ठेवायला लागले. आणि नवी दोन माणसं लागली तेव्हा त्यांना शिकवायला तेच बसले. एक गोष्ट त्यांनी स्वतः सुचवली. एकाच पोत्यातली माती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकानं वळायची, आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. पहिल्या सोमवारी ते माझ्यामागं उभे राहिले. मी दोनदा सळईशी जाडी ताडून बघितली.

वसतिगृहाचं काम मात्र रेंगाळलं. नवे नकाशे, नवी मंजुरी, खोल खोदाई. मुरूम लागेस्तोवर पाऊस आला आणि खड्डे भरले. दिवाळीला जे उघडायचं ते पुढच्या दिवाळीवर गेलं. त्या हंगामात मुलं पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि शेडमध्ये जेवढी मावली तेवढीच राहिली. बाकीची आई-बापांबरोबर कारखान्याला गेली. बाईनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणाली, "इमारत पडन्यापेक्षा हे बरं. पण ताई, हे बी बरं न्हाई."

पुढच्या वर्षी इमारत उभी राहिली. उद्घाटनाला आम्हाला बोलावणं होतं. मंडप, हार, पुढाऱ्यांची भाषणं, नंतर जेवणाची पंगत. लोक जेवायला बसले तेव्हा मामा दिसेनात. मी शोधत मागं गेले. ते इमारतीला चक्कर मारत होते, वाकून, जोत्याच्या कडेला डोळे लावून, खिडकीच्या कोपऱ्यात थांबून. कुठं चीर आहे का बघत होते. बाईनंही ते पाहिलं असावं. ती आमच्याजवळ आली आणि मामांना म्हणाली, "जेवून घ्या आता. भिंती कुठं जात न्हाईत."

पंगतीत ती आमच्याशेजारी बसली. मामांनी विचारलं, गेल्या साली जी पोरं कारखान्याला गेली, ती आता आली का सगळी?

"आली की. एक पोरगी राहिली. आठवीला व्हती. तिकडं भावंडं सांभाळायला लागली, आता शाळेत बसायला लाजती म्हनं. पोरं पुढं गेली, मी मागं कशी बसू म्हनती. मी जाऊन आले तिच्या घरी दोनदा. परत जानार हाय."

मामांनी पुढचा घास उचलला नाही.

परतताना आष्टीच्या स्टँडसमोर सरांनी गाडी थांबवली. मामांनी बिनसाखरेचा चहा मागितला. चहावाल्यानं ग्लास पुढे केला तेव्हा त्यांनी तो आधी माझ्या हातात दिला, गरम किती आहे विचारलं, आणि मग रुमालात गुंडाळून धरला.

"आपन नीट केलं का गं?" त्यांनी विचारलं.

"नीटच केलं मामा. आता काय भीती नाही त्या इमारतीला."

"इमारतीचं न्हाई म्हनत मी."

चहा संपल्यावर मामा म्हणाले, बाई परत त्या पोरीच्या घरी जाईल तेव्हा मला कळवायला सांग, मी बी जातो. माजी नात तेवढीच हाय, ती बी एक वर्स मागं पडली व्हती आजारपनात. मला त्यातलं बोलता येतं.

ते गेले. एकदा नाही, तीनदा गेले, दर वेळी एसटीनं, स्वतःहून. तिसऱ्या खेपेला त्या मुलीनं आपण नववीला न बसता आठवीलाच परत बसू, असं कबूल केलं. दहावी झाली तिची यंदा. मामाही यंदाच निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी आपला चष्मा, डबा आणि टॉवेल पिशवीत भरला. काचेची पाटी पुसून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, परवा पयला सोमवार हाय, माती आताच भिजवून ठिव.